अर्ध्या रजिस्टरचा फ्लॅग

मला राग आला तो मास्तरांनी 'कृपया' म्हटल्याचा. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर मास्तर उभे. खिशाला दोन पेनं, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, जे त्यांना आज पाच वाजता परत करायचं होतं. माझ्यामुळे. म्हणजे चूक त्यांची, पण रिपोर्ट माझा. मी मान खाली घालून सटकणार तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, कृपया माझी ती एक टेस्ट तेवढी चालवून बघा. अकरा ओळींची आहे. आज बघितलीत तर बरं होईल." बस्स, एवढंच. नोकरी गेलेला माणूस! अरे, दोन शिव्या घाल, निदान तोंड फिरव, निदान माझ्याकडे असं बघ की संध्याकाळी मला दोन घास कमी जावेत. ते नाही. कृपया. जणू मी टपालाच्या खिडकीत बसले होते आणि त्यांना एक तिकीट हवं होतं. मी "बघते" असं काहीतरी पुटपुटले आणि जागेवर येऊन बॅग टेबलावर अशी आदळली की समोरच्या दोघांनी मुकाट हेडफोन लावून घेतले. माझी बॅग आदळली की लोक हेडफोन लावतात हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्याचाही मला राग आला.

मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण ऑफिसात दुसऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. बावीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, मग कॉलेजच बंद पडलं, आणि ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात हे गृहस्थ कंपायलर शिकले. एक्कावन्नाव्या वर्षी आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर आले. घरी बायको, आणि मुलगी अजून शिकते आहे. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची, आणि ती वाढेपर्यंतचे आठ दिवस मास्तर चहा प्यायचा विसरायचे. मला 'बाई' म्हणायचे. सुरुवातीला मला वाटलं टोमणा मारतायत. मग कळलं की टोमणा मारण्याची अक्कलच या माणसाकडे नाही. शाळेतली मुलं शिकवणाऱ्या बाईंना म्हणतात तसंच ते म्हणतात, कारण मी त्यांना शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, खडसावलं. माझ्या नाकावर माशी बसत नाही हे आई मी सात वर्षांची असल्यापासून सांगत आली आहे. ऑफिसात त्यालाच 'तिचा दर्जाचा आग्रह' म्हणतात. अकरा वर्षं मी एक गोष्ट जिवापाड राखली आहे, आणि ती राखायची तर राग लागतोच, अशी माझी पक्की समजूत होती.

ती गोष्ट काय, हे एकदा आईला समजावून सांगायची वेळ आली. प्रोसेसरच्या हाताशी मोजकीच भांडी असतात, सोळा, फार तर बत्तीस. त्यांना रजिस्टर म्हणतात. काम चालू असताना प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या भांड्यात काढून ठेवलेला असतो. भांडी थोडी, आकडे ढीगभर. म्हणून एखाद्या आकड्याचा शेवटचा वापर झाला की त्या ओळीवर खूण करायची: झालं, आता हे भांडं मोकळं, द्या दुसऱ्याला. त्या खुणेला आम्ही किल फ्लॅग म्हणतो. आई म्हणाली, "मग यात अकरा वर्षं काय लागतात गं? मी रोज करते. वाटी विसळायच्या आधी विचारते, झालं का सगळ्यांचं?" अगदी बरोबर. फक्त आमच्याकडे विचारणारा वेगळा आणि विसळणारा वेगळा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरेपर्यंत कंपायलर त्याच्यावरून चाळीसेक वेळा हात फिरवतो, त्या प्रत्येक वेळेला पास म्हणतात. एक पास फ्लॅग लावतो. दुसरा येऊन ओळी खालीवर करतो, तिसरा दोन ओळींची एक करतो. ओळ हलली की फ्लॅग खोटा पडू शकतो, कारण शेवटची म्हणून खूण केलेल्या ओळीखाली आता आणखी एक गिऱ्हाईक येऊन बसलेलं असतं, आणि पुढचा पास फ्लॅगवर विश्वास ठेवून भांडं खुशाल विसळून टाकतो. म्हणून नियम असा की ओळ ज्याने हलवली त्याने खोटा पडलेला फ्लॅग पुसायचा. आळशी लोक म्हणतात, कटकट कशाला, सगळेच पुसा. मग एकही भांडं वेळेवर मोकळं होत नाही आणि प्रोग्राम रखडत चालतो. मी कुणाला सगळे पुसू दिले नाहीत. त्यासाठी एक फंक्शन लिहिलं, खोटे तेवढेच शोधून पुसणारं, आणि प्रत्येकाला दटावून तेच वापरायला लावलं.

दोन आठवड्यांपूर्वी तक्रार आली. रुग्णाच्या शिरेत औषध थेंबथेंब सोडणारे पंप बनवणारी एक कंपनी आमचा कंपायलर वापरते. त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या पंपाला मिनिटाला वीस थेंब सांगितले होते आणि त्याने धार लावली. नशीब, नळीच्या टोकाला माणूस नव्हता, बादली होती. आम्ही खणत गेलो, तर एक आकडा अजून कामाचा असताना त्याचं भांडं विसळलं गेलेलं. खोटा फ्लॅग. आणि ती ओळ हलवणारा पास मास्तरांचा, चार महिन्यांपूर्वी आत घेतलेला. मला आणखी काय हवं होतं? तळपायाची आग मस्तकात गेली. मीटिंगमध्ये मास्तर चाचरत म्हणाले, "कदाचित चूक माझ्या पासमध्ये नसेलही," तर मी म्हणाले, "मग कुठे आहे? माझ्यात?" सगळे हसले. मास्तरही हसले थोडेसे, वर्गात फळ्याकडे तोंड असताना मागून हशा आला की मास्तर लोक हसतात तसे. त्याच रात्री मी चार पानी रिपोर्ट लिहिला आणि शेवटी एक वाक्य घातलं: 'पास लिहिणाऱ्याला फ्लॅगची पुरेशी समज नाही.' ते वाक्य लिहून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही असं ठरवलं आणि पंपवाल्यांनाही तसं कळवून मोकळे झाले.

तर ती टेस्ट मी उघडली ती बघायला नाही, फाडायला. जाता जाता सुद्धा आपलं घोडं पुढे दामटतोय हा माणूस, दाखवतेच त्याला. कंपायलर चुकतो का ते पाहणारा लहानसा प्रोग्राम, खरोखर अकरा ओळींचा. वर एक टीप, मास्तरांच्या जुन्या धाटणीची: 'पूर्ण रजिस्टर व त्याचा खालचा अर्धा भाग यांची नावे वेगळी असताना काय होते ते पाहावे.' पाहावे म्हणे. चालवली. नापास. मी मोठ्याने "अर्थात!" म्हणाले. नापास होणारच, पास तुमचाच चालू आहे ना मास्तर, तुमच्याच हाताने तुमचाच पुरावा आणून दिलात. आता हा नमुना रिपोर्टला जोडते, म्हणजे कुणाला शंका नको. आणि जोडायच्या आधी, केवळ शिस्त म्हणून, मास्तरांचा पास बंद करून टेस्ट परत चालवली. नापास. मग पास बंद झालाच नसेल म्हणून बटणाचं नाव पुन्हा तपासलं, बरोबर होतं. पुन्हा चालवली, नापास. आता मला टेस्टचाच संशय आला, मग यंत्राचा, मग माझ्या बिल्डचा, जुने तुकडे चिकटून राहिले असतील, होतं असं. सगळं पुसून कंपायलर नव्याने बांधायला लावला. त्याला चाळीस मिनिटं लागतात. ती चाळीस मिनिटं मी मनातल्या मनात मास्तरांशी भांडत होते आणि दर वेळी जिंकत होते.

मधेच आईचा फोन आला. "जेवलीस?" "जेवते." "आवाज कसला झालाय? कुणावर चिडलीयस?" "कुणावर नाही." "म्हणजे चिडलीयस." मी म्हणाले, "अगं, एक माणूस आहे. चूक त्याची, आणि वर मला कृपया म्हणतो." आई म्हणाली, "मग काय म्हणावं त्याने? तुझ्या बाबांशी सुद्धा लोक असंच बोलायचे. फार गोड." मी फोन ठेवला. बाबांचं नाव काढायची काय गरज होती? बाबा छापखान्यात फोरमन होते. हात त्यांनी कधी कुणावर उगारला नाही, तोंडाने सुद्धा फार नाही, पण घरात आम्ही त्यांच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज ऐकून ठरवायचो की आज काय बोलायचं आणि काय दप्तरात ठेवायचं. ताईला तर आवाजाचे पाच प्रकार यायचे. एकदा तिच्या शाळेच्या सहलीच्या कागदावर बाबांची सही हवी होती. आठवडाभर रोज संध्याकाळी ती कागद हातात घेऊन दारामागे उभी राहायची, आणि आवाज ऐकून कागद परत दप्तरात जायचा. तारीख गेली. सगळा वर्ग गेला, ताई घरी. बाबांना कळलं तेव्हा ते अगदी दुखावले. "मला विचारलंच नाहीत! मी काय नाही म्हणणार होतो?" म्हणाले. आणि खरंच नसते म्हणाले हो. ताई त्या रात्री रडली नाही, मी रडले, रागाने, आणि ठरवलं की मी असं कधी वागणार नाही. बाबांच्या रागाला कारणच नसायचं. माझा राग कामासाठी असतो. हे मी त्या दुपारी स्वतःला निदान चार वेळा सांगितलं, एकदा तर ओठ हलवून.

बिल्ड झाला. टेस्ट नापास. आता उरला होता दुसरा एकच पास, जो या अकरा ओळींना हात लावत होता. दोन ओळींची एक करणारा. माझा. आठ वर्षांपूर्वीचा. मी फ्लॅग पुसणारं फंक्शन उघडलं. किती वर्षांत मी ते उघडलं नव्हतं! लहानसं आहे, एका पानात मावतं, आणि मला ते तोंडपाठ आहे असं मी सगळ्यांना सांगायचे. जुन्या चिपमध्ये रजिस्टरला एकच नाव असायचं. नव्या चिपमध्ये, म्हणजे पंपवाल्यांनी घेतली तीत, पूर्ण रजिस्टरला एक नाव आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला दुसरं. भांडं एकच. माझं फंक्शन पूर्ण नावाने लावलेला फ्लॅग शोधायचं आणि पुसायचं. अर्ध्या नावाने लावलेला फ्लॅग त्याला दिसायचाच नाही. तो तसाच राहायचा, खोटा, आणि पुढचा पास त्या अर्ध्या भांड्यात दुसऱ्याचा आकडा ओतून मोकळा. बरं, हे पकडायला एक तपासणारा पास आहे, दर पासनंतर फ्लॅग खरे की खोटे ते बघणारा. तोही मीच लिहिलेला आणि तोही हेच फंक्शन वापरणारा. चोरही घरचा आणि फौजदारही घरचा. समोर कोणीतरी सफरचंद खात होतं, त्याचा कचकच आवाज माझ्या दातांत येत होता, आणि त्या माणसाला खिडकीतून खाली ढकलून द्यावं असं मला अगदी मनापासून वाटलं.

मग मला वाटलं, थांब, मास्तरांनी हे फंक्शन वापरलंच का? नव्या माणसाने आंधळेपणाने का वापरावं? त्यांचीही चूक आहेच ना अर्धी! बुडत्याला काडीचा आधार, मी जुना रिव्ह्यू उघडला. आमच्याकडे कोणाचंही काम आत घेण्याआधी दुसऱ्याने वाचून शेरे मारायचे असतात, आणि ते शेरे कायमचे राहतात. मास्तरांचा पास मीच वाचला होता. पहिल्या खर्ड्यात त्यांनी स्वतःच्या तीन ओळी लिहिल्या होत्या: ओळ हलवताना पूर्ण नावाचा फ्लॅग पुसा, अर्ध्या नावाचा पुसा, शंका असेल तर दोन्ही पुसा. बरोबर होत्या. तिन्ही ओळी अगदी बरोबर होत्या. त्याखाली माझा शेरा: 'हे कशाला? फंक्शन आहे ना. स्वतःचं डोकं चालवू नका.' त्याखाली मास्तर: 'बाई, ते अर्ध्या नावांचं बघतं का?' त्याखाली मी: 'बघतं.' वेळ बघितली. त्यांच्या प्रश्नानंतर अकरा सेकंदांनी. फंक्शन उघडून बघायला सुद्धा अकरा सेकंदांपेक्षा जास्त लागतात. त्याखाली मास्तरांनी तीन ओळी काढल्या होत्या आणि लिहिलं होतं, 'काढल्या. आभारी आहे.'

आणि हे कमी होतं म्हणून मी मेल शोधली. ही टेस्ट त्यांनी मला आधी पाठवली होती का? पाठवली होती. बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी. पंपाची तक्रार यायच्या आधी आठ दिवस. 'बाई, मला एक शंका राहिली होती म्हणून ही टेस्ट लिहिली. नापास होते आहे. माझंच काही चुकत असेल. वेळ मिळाला की बघा, घाई नाही.' मी उत्तर दिलं होतं. 'नंतर.' पुढे पूर्णविराम सुद्धा माझाच. मी उठून स्वच्छतागृहात गेले, तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळलं. मला रडू आलं नाही. मला मास्तरांचाच राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. मीटिंगमध्ये हा माणूस ही मेल टेबलावर आपटू शकत होता. सगळ्यांसमोर म्हणू शकत होता, बाई, मी तुम्हाला लिहून विचारलं होतं, हे बघा तुमचं उत्तर. माझी बोलती बंद झाली असती. का नाही म्हणाला? कसली ही सभ्यता? मूग गिळून बसायचं आणि जाताना कृपया म्हणायचं! असल्या माणसांमुळेच आमच्यासारखी माणसं बिघडतात, असंही मला त्या वेळी वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणाला स्वतःची किळस आली.

साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा साडेतीन वाजले होते. साहेबांना आम्ही पाठीमागे हसरा म्हणतो. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो, तो वर गेला, मी नाकावर राग घेऊन खाली राहिले. मी सगळं सांगितलं. त्याने हसत ऐकून घेतलं. "फिक्स किती ओळींचा?" "चार." "मग टाक ना. आज टाक. छान झालं, सापडलं." "आणि मास्तर?" "त्यांचं काय?" "अरे, त्यांना आपण काढलंय. माझ्या रिपोर्टवरून. तो रिपोर्ट खोटा आहे." "काढलंय कुठे? कॉन्ट्रॅक्ट संपतंय." "वाढणार होतं. तू सही करणार होतास." हसरा खुर्चीत मागे टेकला. "हे बघ, पंपवाल्यांना आपण कारण सांगून बसलोय. माणूस गेला, असंही सांगितलंय. त्यांचं समाधान झालंय. आता मी परत जाऊन काय सांगू, की तो नव्हताच, आमची सगळ्यांत जुनी, सगळ्यांत हुशार इंजिनिअर होती?" "हो. तेच सांग." "तुझं नाव पुढच्या महिन्यात वर जातंय, माहितेय ना?" "माहितेय." "रागाच्या भरात काही करू नकोस. उद्या सकाळी शांतपणे बोलू." "उद्या सकाळी ते इथे नसतील!" "अगं, ओरडतेस कशाला?" तो म्हणाला, आणि हसला. मला त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलून त्याच्या डोक्यावर रिकामी करावीशी वाटली. बाहेर येताना दार आपटायला गेले. ते दार आपोआप हळूहळू बंद होणारं आहे, त्याला आपटता सुद्धा येत नाही.

जागेवर बसून मेल लिहिली. पहिला रिपोर्ट ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना, पंपवाल्यांसकट. पहिलं वाक्य लिहिलं, 'सामायिक फंक्शनमध्ये एक त्रुटी राहून गेली होती.' वाचलं. राहून गेली म्हणजे काय, ती स्वतःच्या पायांनी राहिली? खोडलं. 'मी लिहिलेल्या फंक्शनमध्ये चूक आहे. पास लिहिणाऱ्याने चार महिन्यांपूर्वी मला त्याबद्दल विचारलं होतं आणि तीन आठवड्यांपूर्वी टेस्ट लिहून ती दाखवली होती. मी दोन्ही वेळा न बघता उत्तर दिलं. माझ्या आधीच्या रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे आणि ते मी मागे घेते.' खाली रिव्ह्यू जोडला, मास्तरांची मेल जोडली, माझं 'नंतर' जोडलं. चार ओळींचा फिक्स टाकला, टेस्ट पास झाली, तेही लिहिलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं. बढतीचा विचार आला, खोटं कशाला बोलू. ताईला फोनवर सांगायचं मी मनात घोळवूनही ठेवलं होतं, शेवटी एकदाचं झालं म्हणून. मग बोट दाबलं. हायसं वगैरे काही वाटलं नाही. पाच मिनिटांत हसऱ्याचे तीन फोन येऊन गेले, ते मी घेतले नाहीत.

मास्तर खणातले कागद काढून त्यांच्या कडा जुळवत होते. पावणेपाच झाले होते. "तुम्ही भांडला का नाहीत?" मी विचारलं. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, "बाई, बसा ना." "बसत नाही. टेस्ट चालवली. चूक माझी आहे. सगळ्यांना लिहून कळवलंय. आता हसऱ्याला मुदत वाढवावीच लागेल, कशी वाढवत नाही ते बघते, त्याच्या छातीवर बसते. तुम्ही आज कुठेही जायचं नाही." मास्तरांनी कागद खाली ठेवले. त्यांचा चेहरा खरोखर सैल झाला. "टेस्ट चालवलीत हे फार बरं केलंत," ते म्हणाले. "ते पंप माझ्या डोक्यातून जात नव्हते. दोन आठवडे झोप नाही." मग म्हणाले, "पण मी जातो, बाई." "का? या वयात तुम्हाला दुसरं कोण घेणार आहे?" हे माझ्या तोंडून गेलं. गेलंच. मास्तर रागावले नाहीत. "तेही खरंच आहे. शिकवण्या घेईन काहीतरी. घरी बोलणं झालंय, मुलगी म्हणाली, बाबा, या आता घरी." "अहो, पण का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "रागावणार नसाल तर सांगतो. तुमच्याइतकं हे काम इथे कुणाला येत नाही. मी बावीस वर्षं शिकवलंय, मला कळतं. पण रोज सकाळी लिफ्टमधून बाहेर पडायलाच मला भीती वाटायची. त्रेपन्न वर्षांचा माणूस मी. तुमची बॅग टेबलावर कशी पडते ते ऐकायचो आणि मग ठरवायचो, आज विचारायचं की नाही." "मग तसं सांगायचं होतं मला!" मी ओरडले. खरंच ओरडले, हात टेबलावर आपटून. मास्तर माझं ओरडणं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी खणातून एक शंभर पानी वही काढली, शाळेची असते तशी, आणि माझ्यासमोर ठेवली. "यात विचारायचे राहिलेले प्रश्न आहेत. काही मूर्खासारखे आहेत, काही तसे नसतीलही. तुमच्या फंक्शनबद्दलचे बरेच आहेत, म्हणून ठेवून जातो." गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी पट्टी त्याच्याभोवती नीट गुंडाळली, मला नमस्कार केला आणि निघाले. मी "मास्तर" म्हणून हाक मारली, ते एक क्षण थांबले आणि पुढे गेले.

मी त्यांच्याच खुर्चीत बसून वही उघडली. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, समोर तारीख. जे विचारून झाले त्यांच्यापुढे बरोबरची खूण. त्रेसष्ट प्रश्न आणि खुणा नऊ. बाकीच्यांच्या समासात बारीक पेन्सिलीने दोनच शब्द, पानामागून पान, तेच: आज नको. आज नको. आज नको. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. दुसऱ्याचं थोडा विचार करून आलं असतं. तिसरा असा होता: दोन रजिस्टरांची जोडी मिळून एकच आकडा धरत असेल आणि ओळ हलवताना त्यातल्या एकाचाच फ्लॅग पुसला गेला, तर दुसऱ्याचा कोण पुसतं? मी तो दोनदा वाचला. मग फंक्शन उघडलं, तासाभरापूर्वी दुरुस्त करून सगळ्या जगाला कळवलेलं, आणि जोडीचं कोण बघतं ते वरून खाली शोधलं. कोणी बघत नव्हतं. पंप अजूनही चुकू शकत होता. प्रश्नाची तारीख बघितली. गेल्या वर्षीची, माझ्या वाढदिवसाची. तो दिवस मला चांगला आठवत होता. मी खुशीत होते, सगळ्यांना केक वाटला होता, मास्तरांना तर आग्रह करून दुसरा तुकडा दिला होता. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, आज नको.